मिठासाठी दार करणारी वर्षाराणी

आपली पोरगी पुण्यात भोकं पाडते, असं बिराप्पा भूमच्या बाजारात सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, बोअरच्या गाडीवर असेल. एकानं तर आपल्या रानात पाणी कुठं लागेल तेही विचारून घेतलं. बिराप्पा काही मागं सरला नाही. "ती आल्यावर इचारतो," म्हणाला. तसं त्याचं चुकत होतं असंही नाही. वर्षाराणी भोकं पाडतच होती. फक्त ती जमिनीत नव्हती, चरबीच्या पापुद्र्यात होती, आणि इतकी बारीक की पाण्यालासुद्धा त्यातून अंग चोरून जावं लागेल.

वर्षाराणी ही बिराप्पा आणि हरणाबाईची धाकटी. घर मेंढपाळाचं. भूमपासून आत माळावर पत्र्याची चार घरं आहेत, त्यातलं कडेचं त्यांचं. पूर्वी दिवाळी झाली की सगळं घर मेंढरांमागं बाहेर पडायचं ते पावसाच्या तोंडावर परतायचं. शाळा काही मेंढरांमागं येत नाही, म्हणून पोरीला भूमच्या वसतिगृहात ठेवलं. तिथं आमटीत डाळ शोधता शोधता ती शिकत गेली. पुढं धाराशिवला कॉलेज केलं, रसायनशास्त्र घेतलं, आणि मग पुण्याला एका मोठ्या प्रयोगशाळेत पीएचडीला लागली. थोरला भाऊ बालाजी मेंढरं बघायचा. त्याची बायको राजेश्वरी ढोकीकडची, उसाच्या मुलखातली. लग्न होऊन माळावर आली तेव्हा तिला मेंढीचं तोंड कुठल्या बाजूला असतं तेवढंच माहीत होतं, असं हरणाबाई म्हणायची. पण सून हुशार निघाली, हेही तीच म्हणायची. सुनेच्या माघारी म्हणायची, एवढंच.

वर्षाराणीचं काम काय ते समजून घ्यायला कच्च्या लोकरीला हात लावून बघावा. हात तेलकट होतो. त्या चरबीमुळं मेंढरू पावसात लवकर भिजत नाही, पाणी वरच्यावर ओघळतं. आपल्या अंगातली प्रत्येक पेशी अशीच चरबीचं पातळ कातडं पांघरून बसलेली असते. पाण्यात विरघळलेलं मीठ त्या कातड्यातून आतबाहेर होत नाही. म्हणून कातड्यात जागोजागी बारकी दारं असतात. मीठ त्या दारांतून ये-जा करतं, त्याच्यामागं पाणी जातं, आणि त्यामुळं छातीतला कफ पातळ राहतो, खाल्लेलं पचतं, घाम नीट येतो. आता एखाद्याच्या अंगात हे दारच नसलं तर? तर बाहेरून करून द्यायचं. वर्षाराणी काचेच्या भांड्यात रसायनं शिजवून कड्यासारखा गोल रेणू बनवायची. बांगड्या एकावर एक रचल्या की मधे पोकळी होते, तशी ही कडी चरबीच्या कातड्यात शिरून एकावर एक बसायची आणि आरपार नळी तयार व्हायची. निदान व्हायला पाहिजे होती. पहिली दोन-तीन वर्षं ती काही झाली नाही.

हे काम तिच्या वाट्याला आलं ते नशिबानं. घरातल्या दुखण्याशी त्याचा संबंध आहे, हे तिला काम हातात घेतल्यावर कळलं.

बालाजी-राजेश्वरीची मुलगी ज्ञानेश्वरी. घरात बिरोबाच्या नावानं सोडलेली एक मेंढी होती. तशी मेंढी विकत नाहीत, कापत नाहीत, तिच्या मनाला येईल तिथं चरू देतात. ज्ञानेश्वरी झोळीत असल्यापासून ही मेंढी यायची आणि पोरीचं कपाळ, गाल, तळहात चाटायची. दुसऱ्या पोरांना हुंगायचीसुद्धा नाही. हरणाबाईनं ओळखलं, देवानं पोरगी निवडली. तिनं आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बाया बोलावून दाखवलं. बाया यायच्या, पोरीला भंडारा लावायच्या, मेंढीला नमस्कार करायच्या. मेंढीही इतकी गुणाची, की बाया आल्या की बरोबर चाटून दाखवायची.

पोरगी मात्र अंगी लागेना. खायची दोघींचं, आणि हातपाय काड्या. सारखा खोकला. भूमच्या डॉक्टरकडं दोन-चार वेळा नेलं, बाटली आणली. मोठ्या दवाखान्यात जाऊ म्हटलं की हरणाबाई म्हणायची, "देव चाटलालाय तिथं डाक्टर येऊन काय चाटणार हाय?" आणि जाणं राहून जायचं.

मग एकदा पुण्यात मिठाच्या दारांवरचं एक जाड पुस्तक वाचताना वर्षाराणीला एक ओळ दिसली. एक आजार असतो, त्यात मिठाचं दार जन्मापासून बिघडलेलं असतं. कफ घट्ट होतो, जेवण पचत नाही, आणि घामातलं मीठ परत आत न गेल्यामुळं पोराचं कातडं खारट लागतं. ती ओळ तिनं वाचली आणि पुस्तक बंद करून भूमची गाडी धरली. घरी आली, पाणीही न पिता ज्ञानेश्वरीला उचललं आणि सगळ्यांच्या देखत तिचं कपाळ चाटलं.

"आता तू बी मेंढरू झालीस व्हय गं?" हरणाबाई हसली.

वर्षाराणी हसली नाही. तिच्या जिभेला मीठ लागलं होतं. लहानपणी मेंढरांसाठी दगडावर मिठाचे खडे ठेवायचं काम तिचंच असायचं, आणि एखादं मेंढरू मिठासाठी दगडसुद्धा कसं गुळगुळीत करून टाकतं ते तिनं पाहिलेलं होतं.

पुण्याला घामाची तपासणी झाली. आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, सिस्टिक फायब्रोसिस. घरात त्याला खारं दुखणं म्हणू लागले. परदेशात यावर एक गोळी निघाली आहे, बिघडलेलं दार ती सुधारते. पण डॉक्टर म्हणाले, या पोरीच्या अंगात दार बिघडलेलं नाही, ते बनतच नाही. नसलेलं काय सुधारणार?

हरणाबाईनं हे कसं घेतलं ते कुणाला कळलं नाही. देवाला बोल लावता येत नव्हता, म्हणून ती त्या मेंढीशी बोलायची बंद झाली. राजेश्वरीनं मात्र सगळं शिकून घेतलं. जेवणाबरोबर द्यायची पावडर, वाफेचं मशीन, आणि सकाळ-संध्याकाळ पोरीला उताणं-पालथं करून, हाताची ओंजळ करून छाती-पाठ थापटायची, म्हणजे घट्ट कफ सुटतो. पोरगी रडायची, पळायची, हातात सापडायची नाही. राजेश्वरी तिला मेंढरू धरावं तशी दोन गुडघ्यांत धरायची. मशीनला लाईट लागते म्हणून बालाजीनं दोन वर्षं मेंढरं बाहेर काढली नाहीत. माळावरच चारली. माळ तो केवढा आणि त्यावरचं गवत ते किती. कळप निम्म्यावर आला. उरली त्यांच्या पाठीची हाडं दिसायला लागली.

आणि मग आषाढात वर्षाराणीची नळी लागली.

ते कसं कळतं म्हणाल, तर प्लास्टिकच्या पेल्याला टाचणीच्या टोकापेक्षा बारीक भोक असतं. त्या भोकावर चरबीचा पापुद्रा पसरवायचा, दोन्हीकडं मिठाचं पाणी ठेवायचं आणि मशीन लावायचं. मीठ आरपार जात नाही तोवर पडद्यावरची रेघ सरळ. त्या दिवशी रेघ एकदम पायरी चढल्यासारखी वर गेली. थोडी थांबली. खाली आली. परत वर. एका नळीतून मीठ चाललं होतं. वर्षाराणी खुर्चीवरून उठली, मग काय करायचं ते न सुचून परत बसली. जेवायच्या सुट्टीत तिनं घरी फोन केला. फोन राजेश्वरीनं घेतला.

"वहिनी, गेलं. मीठ आरपार गेलं."

"म्हंजी झालं?" राजेश्वरीनं विचारलं.

"झालं," वर्षाराणी म्हणाली.

त्या एका शब्दात तिच्या मनात जे झालं होतं ते आणि राजेश्वरीच्या मनात जे झालं ते, यांत पुण्यापासून माळापर्यंतचं अंतर होतं. पण त्या दिवशी दोघीही खुशीत होत्या. मोजणार कोण?

पुढची पायरी अशी होती, की ती नळी जिवंत पेशींवर टाकून बघायची. वर्षाराणीनं हट्टानं फुफ्फुसाच्या अस्तराच्या पेशी मागवून घेतल्या. दुसऱ्या ताटलीत कॅन्सरच्या गाठीच्या पेशी होत्या, त्या तिच्या पीएचडीच्या सरांनी सांगितल्या म्हणून. दोन्हीकडं नळीचं औषध घातलं आणि ती खोलीवर गेली. सकाळी येऊन तिनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काल पसरून, एकमेकींना धरून बसलेल्या पेशी गोल होऊन पाण्यावर तरंगत होत्या. दोन्ही ताटल्यांत. तिनं औषध पातळ करून पाहिलं, वेळ कमी करून पाहिला. मीठ जाईल एवढं औषध ठेवलं की पेशी मरायच्या. पेशी जगतील एवढं ठेवलं की मीठ जायचं नाही.

सर पेढे घेऊन आले. गाठीच्या पेशी मरतात, म्हणजे कॅन्सरसाठी हे काम पुढं नेता येईल, आणि लेखही मोठ्या ठिकाणी छापून येईल, असं ते म्हणाले. सर माणूस चांगला. पेढाही चांगला होता, सगळे तसं म्हणत होते. वर्षाराणीनं तो खाल्ला. तिला चव लागली नाही.

फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही. चिमटा काढला तरी कळत नाही, नुसता ओंडका. तिच्या आत त्या दिवसापासून तसं झालं. पायाला निदान थोड्या वेळानं मुंग्या येतात. इथं मुंग्याही येईनात. ती वेळेवर उठायची, डबा खायची, भांडी धुवायची, सरांच्या लेखातल्या आकृत्या काढायची. घरून फोन यायचा.

"वन्सं, दिवाळीला औषध आणताव न्हवं?" राजेश्वरी विचारायची.

"येते की दिवाळीला," वर्षाराणी म्हणायची.

आणते म्हटलं नाही, येते म्हटलं. तेवढ्यावर ती फोन ठेवायची. हे पोळ्याच्या आधीपासून चाललं होतं.

दिवाळीला ती आली तेव्हा बालाजी भूमच्या स्टँडवर मोटरसायकल घेऊन आला होता. तो खुशीत होता. औंदा मेंढरं बाहेर काढायची ठरली होती. पाडवा झाला की निघायचं, ढोकी-तेरकडं. तिकडं ऊसतोड सुरू झालेली असणार, मेंढरांना उसाच्या शेंड्यांचं वाढं मिळेल, खतासाठी रानात मेंढरं बसवली की शेतकरी धान्य देतात. मग तिथून पुढं खाली. "राजी आन् पोरगी बी येणार हायती संगं," तो गाडीवरून मागं बघून ओरडला. "आता काय, औषध आलंय म्हणल्यावर मशीनची कटकट न्हाय." वर्षाराणीनं मागं बसून त्याच्या पाठीकडं बघितलं. काहीतरी बोलायची वेळ होती ती. गाडीचा आवाज मोठा होता.

घरापुढं घोड्यावर टाकायचं सामान काढलेलं होतं. घोंगडी, पातेली, मेंढरांभोवती लावायची जाळी. राजेश्वरी जाळीच्या गाठी बघत बसली होती. वाफेचं मशीन फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेलं होतं. ज्ञानेश्वरी पळत आली, "आत्या" म्हणाली आणि खोकत खाली बसली. खोकला ओला होता, खोलातून येत होता. वर्षाराणीनं तिच्या पाठीला हात लावला. हाताला आतली खरखर लागली.

"कवापसनं हाय हे?"

"हाय असंच, थंडी पडलीय न्हवं," राजेश्वरी म्हणाली. "वन्सं, मला आधी सांगा, ते औषध फ्रिजातलं हाय का साधं? तिथं रानात कुठला फ्रिज. माठाच्या बुडाला ठेवलं तर चालंल का?"

"सांगते," वर्षाराणी म्हणाली.

"आन् वासाचं असलं तर गुळात घालून द्यावं लागंल. लई नाटकी हाय ही. मेंढरू बरं, नळकांड्यानं पाजलं की पितंय तरी."

राजेश्वरी एवढी बोलणारी बाई नव्हती. दोन वर्षं ती घराच्या अंगणाबाहेर फारशी गेली नव्हती, आणि वाटेत ढोकीला तिचं माहेर लागणार होतं.

पाडव्याला मेंढरांची पूजा झाली. लेंड्यांच्या ढिगाला हळद-कुंकू वाहिलं, फुलं वाहिली. गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं. ते ज्या बाजूला उतू जाईल तिकडं औंदा चारा आहे असं धरतात. दूध उगवतीकडं गेलं. उगवतीलाच ढोकी. बिराप्पा खूश झाला. हरणाबाई म्हणाली, "जाणार न्हाय तर काय, बोळकं तिकडं कलतं ठेवलंय तुमी." सगळे हसले. वर्षाराणीही हसली. हसताना तोंड कसं करायचं ते तिच्या लक्षात होतं.

जेवणं झाली. राजेश्वरी न्हाणीपाशी राखेनं भांडी घासत होती. वर्षाराणी तिच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, औषध न्हाय."

"इसरलाव?"

"झालंच न्हाय."

राजेश्वरीचा हात चालू राहिला. "मंग ते मीठ गेलं म्हणलाव ते?"

"मीठ गेलं. पण दार करायला गेले आन् भगदाड पडलं. दाराला कडी लागती, वहिनी. मीठ जायचं तेवढं गेलं की लावून घ्यायची. माझ्या नळीला कडी न्हाय. ज्या पेशीत शिरती, ती पेशी मरती. ज्ञानाला दिलं तर तिची छाती..." तिच्या आवाजात काहीच नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं तिनं ते सांगितलं.

"कवा कळलं तुमाला?"

"पोळ्याच्या आधी."

राजेश्वरीनं घासलेलं पातेलं पालथं घातलं. दुसरं घेतलं. ते घासून झाल्यावर म्हणाली, "पोळ्यापसनं म्या तिची पाठ थापटली न्हाय."

वर्षाराणीनं घासलेली पातेली विसळायला आपल्याकडं ओढली.

"मशीन बी बंद केलं. रडती लई, वन्सं. मला वाटलं, आता येतच हाय औषध, कशाला पोरीला रडवायचं. थोडं दिस हसू दे." तिनं हाताची राख धुतली. "म्या रोज बघत हुते, आता औषध येणार, मंग मेंढी चाटायची थांबंल. येडी."

रडली नाही ती. वर्षाराणीनंही रडून घेतलं नाही. आपण आता रडायला पाहिजे, एवढं तिला कळत होतं, जसं पानात वाढलेलं संपवायला पाहिजे हे कळतं.

घरात मग आरडाओरडा झाला तो बालाजीचा. सगळं बांधून ठेवलंय, लोकांना सांगून ठेवलंय, मेंढरं मरायला टेकलीत, आणि आता कसं करायचं? "शिकलेली माणसं तुमी," तो बहिणीला म्हणाला. "फोन करायला काय झालतं? बॅलन्स न्हवता?" बिराप्पा तंबाखू मळत बसला. मळून झाली तरी मळत होता.

प्रश्न असा होता, की मेंढरांना थांबता येत नव्हतं आणि पोरीला जाता येत नव्हतं. मेंढरांमागच्या बिऱ्हाडात एक तरी बाई लागते. बाईशिवाय चूल मांडत नाहीत. नुसते पुरुष गेले तर पाव्हणेसुद्धा रानात उतरू देताना दहा प्रश्न विचारतात.

"म्या न्हाय येत," राजेश्वरी म्हणाली. "मेंढरं तुमी न्या. मी पोरीला घिऊन उद्या बार्शीला जाते, दवाखान्यात."

"आन् चूल?"

मग हरणाबाई उठली. तिनं सुनेची बांधलेली वळकटी सोडली, तिचं लुगडं काढून बाजूला ठेवलं आणि त्यात आपलं गुंडाळलं. "माझं गुडघं ढोकीपोतर येतेत," म्हणाली. "फुडं आलं तर आलं, न्हाय तर सुनेच्या म्हायरी जाऊन बसते. तिची आई मला काय हाकलून देती का बघू."

"आई, तुमच्यानं व्हायचं न्हाय," राजेश्वरी म्हणाली.

"न व्हायला काय झालं. तू आलीस तवा तुला तरी काय येत हुतं. चुलीला सुद्धा भ्यायचीस."

जाताना हरणाबाई लेकीशी फार बोलली नाही. फक्त म्हणाली, "तोंड असं का झालंय तुझं? खात जा." वर्षाराणी बरं म्हणाली. मेंढरं उतारानं खाली गेली, घोड्यावरची पातेली वाजत राहिली. ज्ञानेश्वरीला आत कोंडून ठेवावं लागलं होतं, नाहीतर ती मागं गेली असती. ती दाराला धडका मारत होती आणि मधेमधे खोकत होती. मेंढरं दिसेनाशी झाल्यावर राजेश्वरीनं कडी काढली. पोरगी बाहेर आली, रिकाम्या माळाकडं बघितलं आणि आईला एक चापट मारली. आईनं ती घेतली.

दुपारच्या एसटीनं तिघी बार्शीला गेल्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग कफानं भरलेला होता. "थोडा परत येईल," ते म्हणाले, "थोडा नाही यायचा." सलाईन लागलं, वाफ लागली, पाठीवर ओंजळ पडायला लागली. वर्षाराणी आणि राजेश्वरी आलटून पालटून बसायच्या. बोलायच्या ते कामापुरतं. चहा घेताव का. हिला धरा. बाटली संपत आली, नर्सला सांगा.

वर्षाराणीला वाटत होतं, वहिनीनं एकदा काय ते बोलून टाकावं, शिव्या द्याव्यात. तिनं तशी वाटही पाहिली. राजेश्वरीला सवड नव्हती.

रजा संपली त्या दिवशी वर्षाराणी म्हणाली, "म्या जात न्हाय पुण्याला. हितंच राहते."

"राहून काय करताव?" राजेश्वरीनं पोरीच्या तोंडावरचा मास्क नीट केला. "तिथं काय करलाव ते तरी सांगा. त्या नळीचं काय झालं फुडं?"

"कॅन्सरच्या गाठीसाठी बघणार हायेत. गाठीच्या पेशी मारायच्याच असत्यात. तिथं ती चालंल कदाचित."

राजेश्वरीनं विचार केला. "मंग बरं हाय की. कुणाचं तरी हुईल." बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर वर्षाराणीला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"आन् कडी?" राजेश्वरीनं विचारलं. "तिला कडी बसंल का कवा?"

"बसवायला बघते. मला जमंल का म्हाईत न्हाय. जमलं तरी ज्ञानासाठी वेळेत जमंल असं न्हाय."

"ही मोठी झाली तरी?"

"म्हाईत न्हाय, वहिनी."

हे तिनं पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं. राजेश्वरीनं मान हलवली. मग ती म्हणाली, "जावा तुमी. पर एक करा. हितनं फुडं काय बी झालं, चांगलं झालं न्हाय तर वाईट झालं, त्याच दिशी सांगा. आमी इचारूस्तोवर थांबू नका. आन् काय झालं न्हाय तर तसं बी सांगा. म्हंजी मला कळतंय, मला काय करायचंय ते."

वर्षाराणी पुण्याला गेली. सकाळी प्रयोगशाळेत जाते, पेल्याच्या भोकावर चरबीचा पापुद्रा पसरवते, पडद्यावरच्या रेघेसमोर बसते. नळीच्या तोंडाशी काहीतरी बसवून बघते आहे, उघडमीट होईल असं. रेघ बहुतेक वेळ सरळ असते. सरांचा लेख छापून आला, त्यात तिचं नाव पहिलं आहे. बिराप्पानं ढोकीच्या रानातून फोन करून विचारलं, पेपरात नाव आलं म्हणजे फोटो पण आला का. नाही म्हटल्यावर त्याचा जरा हिरमोड झाला. हरणाबाईचे गुडघे ढोकीच्या पुढं गेले होते.

ज्ञानेश्वरी घरी आली आहे. राजेश्वरीनं भूममध्ये लाईट असलेली एक खोली घेतली, दवाखान्याची गाडी तिथून बरी पडते. पोरीला शाळेत घातलं. रोज संध्याकाळी पाठ थापटून झाली की फोन वाजतो.

"वहिनी, आज काय झालं न्हाय," वर्षाराणी सांगते.

"बरं," राजेश्वरी म्हणते. "हिकडं खोकला कालच्यावानीच हाय."

फोन ठेवला जातो. कधी मधे एखादं वाक्य जास्तीचं असतं, भाजी काय केली, पोरगी कुणाशी भांडली. बहुतेक वेळा नसतं. पण फोन एकही दिवस चुकलेला नाही, आणि फोन ठेवला की राजेश्वरी उठून दुसऱ्या दिवशीची पावडर काढून ठेवते.